नातं काय लिहू?

आमच्या भंडाऱ्याच्या गल्लीत दोघी जणी राहायच्या. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिला आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. दुसरी शिवणाचे क्लास घ्यायची, तिला ताई. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा त्या दोघी आधीपासूनच तिथे होत्या. ‘बहिणी आहेत का हो?’ असं मी सासूबाईंना विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘बहिणीसारख्याच.’ आणि विषय संपला. पुढे चोवीस वर्षं आम्ही सगळ्यांनी तो विषय तसाच संपवून ठेवला.

घर मॅडमच्या नावावर होतं, पण त्याच्या भिंतीत ताईंच्या शिलाईचे पैसेही होते. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार बघायला दोघी बरोबर यायच्या. एकीला ताप आला की दुसरीचे क्लास बंद! माझी मोठी मुलगी ताईंकडूनच फ्रॉक शिवायला शिकली. भांडायच्यासुद्धा अगदी नवरा-बायकोसारख्या. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून.

२०२२ साली, रोवणीचे दिवस होते, पाऊस नुसता कोसळत होता. मॅडमना रात्री अर्धांगाचा झटका आला. माझे यजमान आणि मी, ताईंबरोबर गाडी करून नागपूरला निघालो. तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. ‘पेशंटशी नातं?’ ताईंच्या हातात पेन होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, ‘वहिनी, काय लिहू जी?’

मी म्हटलं, ‘बहीण लिहा.’ पण आडनावं वेगळी, आधार कार्डावरचे पत्ते वेगळ्या गावचे. ‘रक्ताच्या नात्यातलं कुणी बोलवा’, असं उत्तर मिळालं. मॅडमचा भाऊ केव्हाच वारलेला. भाचे म्हणजे त्या भावाची मुलं, ज्यांनी दहा वर्षांत आत्याची चौकशी केली नव्हती, ती संध्याकाळी आली. सह्या त्यांनी केल्या. ताई दिवसभर बाकावर ओल्या पदराने बसून होत्या. मॅडमना कोणत्या गोळीने ॲलर्जी येते हे त्या एकटीलाच ठाऊक होतं, आणि आत सोडत नव्हते ते त्यांनाच.

चौथ्या दिवशी मॅडम गेल्या.

तेरवीच्या दिवशी भाच्यांनी घराचा विषय काढला. मृत्युपत्र नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यानुसार अविवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली आणि आईवडील हयात नसले, तर तिची मिळकत वडिलांच्या वारसांकडे जाते. म्हणजे भाच्यांकडे. कायद्याने ते चूक नव्हते. मॅडमची पेन्शनही थांबली. कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याला मिळतं, अटीत बसणाऱ्या मुलांना मिळतं. चोवीस वर्षं डबा करून देणाऱ्या बाईसाठी त्या कागदावर रकानाच नाही.

त्या बैठकीत ताई म्हणाल्या, ‘वहिनींना विचारा, या घरात मी कोण होते ते.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मैत्रिणींनो, मी काही बोलले नाही. चहाचे कप उचलले आणि आत गेले. लोक काय म्हणतील, याची भीती वाटली, दुसरं काय! ताई महिन्याभरात साकोलीकडे एका भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या. शिलाई मशीन तेवढी बरोबर नेली.

त्या दिवशी जे बोलायचं राहिलं, ते आज इथे लिहिते आहे. त्या दोघी एकमेकींचा संसार होत्या. आणि अशा जोडप्यांना कायद्याने लग्न करता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

‘ही शहरातली फॅडं आहेत, आपल्याकडे असलं काही नसतं’, असं आपण सहज म्हणतो. खरं तर १९८७ साली आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं होतं. तेव्हा त्यांची नोकरी गेली. आपल्या विदर्भातच बघा ना, २०१७ सरता सरता यवतमाळला दोन पुरुषांनी लग्नाचा समारंभ केला. २०२१ च्या डिसेंबरात नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी अंगठ्या बदलल्या, घरच्यांच्या साक्षीने. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक तर १९८१ सालीच रंगभूमीवर आणलं होतं.

कायद्याचं सांगायचं तर, ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ चा धाक काढून टाकला. सज्ञान माणसांचं परस्परसंमतीचं नातं आता गुन्हा नाही. पुढे लग्नाचा प्रश्न पाच न्यायमूर्तींपुढे आला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात, म्हणजे आपण ज्याला कोर्ट मॅरेज म्हणतो त्यात, आम्हालाही जागा द्या, एवढीच मुख्य मागणी. सरकारने हा शहरी उच्चभ्रूंचा विचार असल्याचं म्हटलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला. लग्नाचा हक्क न्यायालयाने दिला नाही, तो संसदेचा प्रश्न म्हटला. अशा जोडप्यांच्या नात्याला निदान कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली आणि तेही राहिलं. पण तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी निकालपत्रात लिहिलं की हे काही फक्त शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्यांचं नाही, खेड्यात शेतावर राबणारी बाईसुद्धा अशी असू शकते. हे वाचलं आणि मला साकोलीची ती खोली आठवली. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

थोडं काही हललंही आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत संयुक्त खातं काढायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, आणि रेशन कार्डासाठी त्यांना एकाच घरातलं धरावं असंही राज्यांना कळवलं. बरं झालं. पण घर, पेन्शन, वारसा यांचं काय? ते सगळं लग्नाच्या दाखल्याला बांधलेलं आहे.

‘संस्कृती बुडेल’ म्हणणाऱ्या बायकांचा मला राग येत नाही, कारण कालपर्यंत मीही त्यांच्यातच होते. पण लग्नाचे नियम कधी बदललेच नाहीत का? विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. त्यानंतर सदतीस वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं! आज आपण त्यांना महर्षी म्हणतो. आणि इथे कुणाच्या देवळात, कुणाच्या मंगलाष्टकात हात घालायचा नाहीये. मागणी सरकारी दाखल्याची आहे. शेजारच्या नेपाळमध्ये २०२३ साली अशा लग्नाची नोंद झाली, थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. तिथल्या बाकीच्या लोकांचे संसार आहेत तसेच चालू आहेत.

आणखी एक, हे आपल्या मुलींसाठी आहे. ज्या मुलाचं मन पुरुषात आहे, त्याला ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणून आपण बोहल्यावर चढवतो. समोर अंतरपाटामागे कुणाची तरी लेक उभी असते. ती पुढे आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसते. त्याला त्याच्या मनासारखं लग्न करता आलं असतं, तर तिची सुटका नसती का झाली?

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या ओळखीत अशा कुणी दोघी किंवा दोघे असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा : मृत्युपत्र करून ठेवा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. नुसत्या नॉमिनीवर विसंबू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. घर घेतानाच दोघांची नावं घाला.

मागच्या महिन्यात मी साकोलीला जाऊन आले. ताईंनी चहा केला. भिंतीवर मॅडमचा फोटो, त्याला ताजा हार. मी म्हटलं, ‘ताई, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं.’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आता बोला ना जी. दुसऱ्या कुणासाठी तरी बोला.’

म्हणून हे लिहिलं. तुमच्याही गल्लीत असतील अशा ‘बहिणी’. कुणी तुम्हाला विचारलं, या घरात ही कोण होती, तर तुम्ही काय सांगाल?