मिस्टर लींची लॉन्ड्री

सत्तरच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर कॅल्गॉनची जाहिरात लागायची. कॅल्गॉन म्हणजे पाण्याचा जडपणा घालवणारी पावडर, कपडे धुताना साबणाच्या जोडीला घालायची. लॉन्ड्रीच्या काउंटरमागे मिस्टर ली, समोर गोरी गिऱ्हाईक. कपडे इतके स्वच्छ निघतात तरी कसे, असं बाई विचारते. हे आमचं प्राचीन चिनी गुपित, असं ली भाव खाऊन सांगतो. मागच्या खोलीतली त्याची बायको आपल्याकडे वळून नवऱ्याची टर उडवते आणि कॅल्गॉनचं खोकं दाखवते. शेवटी तीच बाहेर येऊन, कॅल्गॉन संपत आलंय, असं सगळ्यांदेखत ओरडते आणि लीचं बिंग फुटतं.

बेतलीय छानच. बायको अगदी शेजारच्या अमेरिकन बाईसारखी बोलते, गूढ पौर्वात्य ज्ञान वगैरे थाप असल्याचं जाहिरात स्वतःच सांगून टाकते. तरीही या विनोदाला चिनी माणूस लॉन्ड्रीतच लागतो, आणि तो तिथे का, हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. (बायकोचं काम करणाऱ्या अभिनेत्रीचं आडनाव मियामोटो, म्हणजे जपानी. एवढा फरक कोण बघतो!)

तो तिथे का, याचं उत्तर मात्र बरंच मागे जाऊन शोधावं लागतं. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात आलेल्या चिन्यांवर परदेशी खाणकामगार म्हणून कर बसला. 1869 मध्ये खंडाच्या आरपार जाणारा लोहमार्ग पुरा झाला आणि तिथे राबणाऱ्या चिन्यांचं तेही काम सुटलं. कारखान्यांत गोऱ्या मजुरांच्या संघटना त्यांना टिकू देईनात. राहिला कपडे धुण्याचा धंदा. भांडवल थोडं, इंग्रजी कामापुरतं, आणि बायकी काम म्हणून गोरे पुरुष त्याच्या वाटेला जात नसत. तिथेही सुख नव्हतंच. 1880 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने नियम केला, की लाकडी इमारतीत लॉन्ड्री चालवायची तर खास परवाना हवा. शहरातल्या सुमारे 320 लॉन्ड्र्यांपैकी 310 लाकडीच होत्या. परवाने वाटायची वेळ आली तेव्हा सुमारे 200 चिनी अर्जदारांना नकार मिळाला, इतरांपैकी एक वगळता सगळ्यांना होकार. या भेदभावाविरुद्धच्या यिक वो खटल्यात 1886 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कायदा कागदावर कितीही निःपक्ष असो, राबवताना असा भेदभाव केला तर तो घटनेला धरून नाही.

त्याच सुमारास इलिनॉयमधल्या एका कंपनीने 'मॅजिक वॉशर' नावाच्या धुण्याच्या मालाचं रंगीत चित्र छापलं. त्यात अंकल सॅम चिनी माणसाला लाथ घालून हाकलतोय. चिनी मजुरांना येण्यास बंदी घालणारा कायदा 1882 मध्येच झाला होता, तो उठला 1943 मध्ये. लीची लॉन्ड्री त्यानंतर उणीपुरी तीस वर्षं झाल्यावरची. लाथ गेली, हसू आलं, दुकान तेच राहिलं.

साचा मात्र तोवर बदलू लागला होता. 9 जानेवारी 1966 च्या न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिनमध्ये समाजशास्त्रज्ञ विल्यम पीटरसन यांनी जपानी-अमेरिकनांच्या यशाची गोष्ट लिहिली आणि 'आदर्श अल्पसंख्याक' ही कल्पना रुजत गेली. जाहिरातींत इस्त्रीची जागा हळूहळू कॉम्प्युटरने घेतली. चार्ल्स टेलर आणि बार्बरा स्टर्न यांनी टीव्हीवरच्या जाहिराती तपासून 1997 मध्ये निष्कर्ष मांडले. लोकसंख्येत 3.6 टक्के असलेले आशियाई 8.4 टक्के जाहिरातींत दिसत होते. वरवर पाहता तक्रारीला जागाच नाही. पण ते असायचे बहुतेक मागच्या रांगेत, ऑफिसात, कामात गढलेले. घरात, नातलगांत, मित्रांत क्वचित. बायकांना मुख्य भूमिका जवळपास नाहीच. मला या अभ्यासात सगळ्यात बोचतं ते हे गायब झालेलं घर. लीची बायको दुकानात का होईना, नवऱ्याची फिरकी तरी घेत होती.

आणि हे सगळं गोऱ्यांनीच केलं म्हणावं, तर 2008 चं सुपर बोल, म्हणजे जाहिरातींसाठीही गाजणारा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, आठवतं. विक्रेत्यांना गिऱ्हाइकांच्या याद्या पुरवणाऱ्या सेल्सजिनीच्या एका जाहिरातीत लिंग लिंग आणि चिंग चिंग हे पांडा बांबूच्या फर्निचरचं दुकान चालवत मोडक्या चिनी ढंगात बोलतात. दुसरीत रमेश नावाचा सेल्समन, मालकाच्या शिव्या खाणारा, सात पोरांचा बाप. लिहिणारे कोण? कंपनीचे तेव्हाचे प्रमुख विनोद गुप्ता, खरगपूरच्या आयआयटीतून अमेरिकेला गेलेले. ओरड झाल्यावर पांडांची जाहिरात मागे घेतली गेली. रमेशबद्दल तेवढी बोंब झाली नाही. आपला माणूस आपल्याला हसतोय म्हटल्यावर चालून जातं बहुधा.

आपल्याकडे तर यावर कुणी जाहिराती मोजत बसत नाही. आपल्या पडद्यावर गुरखा वॉचमन अजून 'शाब' म्हणत सलाम ठोकतो. ईशान्येतल्या मुलामुलींना पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर काय हाक मारली जाते ते सर्वांना ठाऊक आहे. त्या हाकेवर कारवाई होऊ शकते, असं केंद्रीय गृह मंत्रालयाला 2012 मध्ये राज्यांना कळवावं लागलं. दोनच वर्षांनी देशी चायनीजचे मसाले-नूडल्स विकणाऱ्या चिंग्ज सीक्रेटची धूमधडाक्याची जाहिरात आली: दिग्दर्शन शाद अली, गाणं गुलजारांचं, नायक रणवीर सिंगने रंगवलेला 'रणवीर चिंग'. यात कुणाचा अपमान झाला असं मी म्हणणार नाही, गाणं ठेका धरायला लावतं. पण ज्या देशी चायनीजचा हा सगळा बाजार, त्यातलं मंचुरियन कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या नेल्सन वाँग यांनी मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात 1975 च्या सुमारास पहिल्यांदा केलं, असं सांगतात. माझगावात चिनी मंदिर आहे, चिनी दंतवैद्यांकडे मुंबईकरांच्या पिढ्या दात काढून आल्या. जाहिरातीसाठी शहरातला एखादा वाँग किंवा ली सापडणं काही अवघड नव्हतं.