खाडीतला काळा गाळ आला कुठून?

चिपळूणवरून वाहत येणारी वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. ओहोटी लागली की खाडीकाठचा काळाभोर गाळ उघडा पडतो. शेतकरी बंधूंनो, तो बघून "ही माती शेतात टाकली तर सोनं पिकेल" असं वाटणं साहजिक आहे. पण जरा थांबा. त्यातला सेंद्रिय कर्ब कुठून आला, ते आधी बघू.

त्याचे पुरवठादार मुख्यतः तीन. पहिला डोंगर. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उतारावरची कसदार माती, पालापाचोळा आणि शेणखताचा अंश नदी खाली आणते. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये घरादारांत चिखल साचला होता, तो आठवा. दुसरं कांदळवन. तिवर, कांदळ, चिपी यांची पानं आणि मुळं गाळातच कुजतात. तिसरा समुद्र. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे वनस्पती-प्लवक मेल्यावर तळाशी बसतात.

कोणाचा वाटा किती, हे प्रयोगशाळेत ओळखता येतं. कंपोस्ट करणाऱ्यांना कर्ब-नत्र गुणोत्तर माहीत असतंच. प्लवकांत नत्राच्या एका भागाला कर्ब सहाच्या आसपास असतो. झाडपाल्यात वीस किंवा त्याहून जास्त. शिवाय लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन झाडांत असतं, प्लवकांत नसतं. साधारणपणे खाडीतून समुद्राकडे जावं तसा जमिनीवरचा वाटा घटतो आणि प्लवकांचा वाढतो.

मग हा गाळ शेतात का टाकायचा नाही? एक तर त्यात मीठ. दुसरं म्हणजे गंधक. गाळात हवा नसल्याने तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. त्यातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू तयार होतो, आणि गंधक लोहाशी मिळून गाळ काळा पडतो. असा गाळ उपसून वाळवला की हवा लागून त्यात आम्ल तयार होऊ शकतं, आणि जमीन आंबट होते. म्हणजे काळं दिसतं ते सगळं कसदार नसतं.

तेव्हा खाडीत गेलेला कस परत आणायचा नाद सोडा, तो वरच अडवा. वरकस जमिनीत समतल चर काढा. नाचणी-वरीची मशागत उताराला आडवी करा. बांधावर गिरिपुष्प लावा. पालापाचोळा जाळू नका, आंबा-काजूच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका. आणि कांदळवनाला हात लावू नका. त्याच्या पाचोळ्यावर खेकडे जगतात, कोळंबीची पिल्लं त्याच्या आडोशाला वाढतात.

यंदा पहिल्या मोठ्या पावसात वहाळाचं पाणी बघा. लाल दिसलं, तर तुमच्याच रानातला कस खाडीला निघालाय म्हणून समजा.