कुंडीतला सुरण

सुरण अळूच्याच कुळातला. ठिपकेदार हिरवे खोड दिसते, तो खरे तर एका पानाचा देठ; त्यावर तीन फाट्यांचे चिरलेले पान छत्रीसारखे पसरते. मोठा झालेला कंद पानाआधीच जांभळट फुलोरा काढतो. त्याला सडक्या मांसाचा वास येतो, म्हणून हौशी माणसानेही कुंडी बैठकीत ठेवू नये. वासाने किडे येतात, तेच परागण करतात. फुलोऱ्यातली मादीफुले आधी पक्व होतात, परागकण नंतर सुटतात; म्हणून परागकण दुसऱ्या फुलोऱ्यातून यावे लागतात.

अमरावती-अकोल्याच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांजवळ असताना, कंद सुप्त असतो. वऱ्हाडातली नुसती काळी माती पाणी धरून कंद कुजवते; तिच्यात वाळू, शेणखत मिसळावे. पान पिवळे पडले की पाणी बंद. कंद हाताळताना कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी खाज सुटते.