टेकडी लोक राखतात, पण सही कुणाची? शहरातल्या निसर्गाचा कारभार असा चालतो

रविवारी सकाळी पुण्यातल्या टेकड्यांवर गेलात तर झाडांना पाणी घालणारे, प्लास्टिक वेचणारे, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारे गट हमखास दिसतात. पण उद्या त्याच टेकडीवरून रस्ता काढायचं ठरलं, तर यातल्या कुणाचीही परवानगी लागत नाही. मग परवानगी कोण देतं? आणि ती देण्याआधी नागरिकांना बोलायची संधी कुठे मिळते?

जागा कुणाची आहे?

टेकडी डोळ्यांना एकच दिसते, पण कागदावर तिचे तुकडे असतात. काही भाग वनखात्याचा, काही महापालिकेचा, तर काही खासगी मालकीचा. वनखात्याची जमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची असेल, तर १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्राची मंजुरी घ्यावी लागते. खासगी जागेवर मात्र काय होणार, हे मुख्यतः शहराचा विकास आराखडा ठरवतो.

आराखड्यात लोकांचं ऐकतात का?

हा आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार बनतो. महापालिका तो तयार करते, त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवते आणि शेवटची मंजुरी राज्य सरकार देतं.

पुण्याचंच उदाहरण घ्या. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर ‘जैवविविधता उद्यान’ म्हणजेच ‘बीडीपी’ आरक्षण प्रस्तावित झालं. क्षेत्र होतं सुमारे ९७८ हेक्टर. इथे थोडंफार बांधकाम होऊ द्यावं का, यावर अनेक वर्षं वाद चालला. नागरिकांच्या गटांनी पाठपुरावा सोडला नाही आणि २०१५ मध्ये सरकारने आरक्षण कायम ठेवलं.

पण प्रश्न तिथे संपला नाही. जागामालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर देऊ केला गेला. अनेकांना तो तुटपुंजा वाटतो. जमीन महापालिकेच्या ताब्यात येत नाही, तोवर आरक्षित जागेवरही बेकायदा बांधकामं उभी राहतात. मोबदल्याचा तिढा सुटला नाही, तर आरक्षण नकाशावरच राहतं.

झाड तोडायची परवानगी कोण देतं?

राज्यातल्या शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. त्यानुसार महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं आणि आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात. निसर्गाचं काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधीही त्यात घेता येतात. झाड तोडण्याआधी त्या झाडावर नोटीस लावावी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. कोणताही नागरिक त्यावर लेखी हरकत घेऊ शकतो. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ ही ओळख दिली.

जैवविविधता समिती काय करते?

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेत, नगरपालिकेत आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. आपल्या भागातली झाडं, पक्षी, कीटक, पाणथळ जागा यांची ‘लोक जैवविविधता नोंदवही’ लोकांना सोबत घेऊन तयार करणं, हे तिचं मुख्य काम. अनेक ठिकाणी या समित्या बनल्या त्या राष्ट्रीय हरित लवादाने तगादा लावल्यावर.

रस्ता किंवा झाडतोड थांबवायचा अधिकार या समितीला नाही. पण याच कायद्यात एखादी जागा ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून जाहीर करायची सोय आहे. पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला हा दर्जा २०२० मध्ये मिळाला.

मग तुम्ही काय करू शकता?

पहिलं म्हणजे तुम्ही जपत असलेल्या जागेचा मालक कोण आणि विकास आराखड्यात तिच्यावर कोणतं आरक्षण आहे, हे महापालिकेत जाऊन पाहा. दुसरं, झाडावर नोटीस दिसली तर फोटो काढा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत देऊन पोच घ्या. नुसती पोस्ट व्हायरल झाली म्हणून तिची हरकत होत नाही. तिसरं, पक्ष्या-झाडांच्या तुमच्या नोंदी तारखेसह जैवविविधता समितीकडे द्या.

यामुळे निर्णय तुमच्या हातात येणार नाही. पण प्रकरण न्यायालयात किंवा लवादापुढे गेलं, तर ‘इथे काहीच नव्हतं’ असं कुणाला सहज म्हणता येणार नाही.