अ‍ॅटिकस फिंच : संबोधन आणि शील

कादंबरीतील पात्राच्या शीलाचा निर्णय सामान्यतः त्याच्या कृतींवरून केला जातो. परंतु एखादे पात्र कोणास कोणत्या शब्दाने संबोधिते, हेही शीलाचे एक प्रमाण होय. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीतील तत्त्वनिष्ठ पिता व वकील अ‍ॅटिकस फिंच याचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने करावयाचा आहे.

कथानक १९३० नंतरच्या दशकातील अलाबामा राज्यात घडते. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय तरुणावर मेएला यूएल या गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा खोटा आरोप येतो. न्यायाधीशाने सोपविलेला हा बचाव अ‍ॅटिकस मनःपूर्वक करतो. आरोप टिकत नाही. तरीही ज्यूरी टॉमला दोषी ठरविते.

मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांमुळे आदराचा भेद सर्वनामातच प्रकट होतो. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने तो भार नाव, उपपद आणि उपाधी यांवर पडतो. ब्राउन व गिलमन यांनी १९६० मध्येच असे प्रतिपादिले की, परस्परांस समान संबोधन वापरणे हे जवळिकीचे, तर असमान संबोधन हे सत्तेचे लक्षण होय. त्यांचे विवेचन सर्वनामांविषयी असले, तरी ते नावांसही लागू पडते.

अ‍ॅटिकसची मुले पित्यास नावाने हाक मारतात; तोही त्यांना नावानेच संबोधितो. येथे संबोधन परस्पर आहे, आणि मुलांच्या प्रश्नांस खरे उत्तर द्यावे हा त्याचा बाणा त्याच्याशी सुसंगत आहे. न्यायालयात तो विरुद्ध पक्षाच्या दरिद्री मेएलालाही ‘मिस’ व ‘मॅम’ म्हणतो. असा आदर तिला कधी लाभलेला नसल्याने ती त्यास थट्टा समजते; न्यायाधीशास तिची समजूत घालावी लागते. सरकारी वकील मात्र टॉमला ‘बॉय’ म्हणतो, आणि ती तुच्छता ऐकून डिल हा लहान मुलगा रडू लागतो.

परंतु अ‍ॅटिकसही टॉमला ‘मिस्टर रॉबिन्सन’ म्हणत नाही. केवळ ‘टॉम’ म्हणतो, आणि टॉम त्याला ‘मिस्टर फिंच’ म्हणतो. हा भेद क्षुल्लक नव्हता, हे अलाबामातीलच एका प्रत्यक्ष प्रकरणावरून कळते. १९६३ मध्ये मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीने, आपणांस ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय सरकारी वकिलास उत्तर देण्याचे नाकारले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला शिक्षा झाली; १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

लेखिकेने आधी लिहिलेली ‘गो सेट अ वॉचमन’ ही कादंबरी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वृद्ध अ‍ॅटिकस वर्णभेदाच्या समर्थकांच्या सभेत बसलेला दिसतो. हा निराळाच मनुष्य आहे, असे अनेक वाचकांस वाटले. तथापि ‘टॉम’ या एका संबोधनाकडे लक्ष दिले असता दोघांतील अंतर तितके मोठे राहत नाही. कायद्यासमोर सर्व समान, यावर अ‍ॅटिकसची निष्ठा निःसंशय आहे, आणि तिच्यासाठी तो स्वतःस व मुलांस धोक्यात घालतो. परंतु समाजात कोणास ‘मिस्टर’ म्हणावे, याबाबत तो आपल्या गावाची रूढी मोडीत नाही. त्याचे धैर्य यामुळे खोटे ठरत नाही. मात्र त्याची मर्यादा ध्यानात घेतल्याविना त्याच्या शीलाचे वर्णन पूर्ण होणार नाही.