खुर्ची आधी उलटी करून पाहा

मुंबईत जोगेश्वरी पश्चिमेला, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात शिरलं की रस्त्याच्या कडेपासूनच सामान सुरू होतं. एकमेकांवर उलटी रचलेली जेवणाची टेबलं, आरसा निखळलेली ड्रेसिंग टेबलं, काचेच्या दारांची कपाटं, पितळी कड्यांचे खण, मध्येच एखादा पाळणा. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही असा माल मिळतो, पण ओशिवऱ्याचा पसारा मोठा. सिनेमाच्या सेटसाठी सामान शोधणारे आणि हॉटेलवाले इथे वर्षानुवर्षं येतात. त्यांच्या गर्दीत आता मूल कडेवर घेऊन टेपने कपाटाची उंची मोजणारी जोडपीही दिसतात.

हा माल बाजारात येतो, कारण घरं बदलतात. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या. तिथल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बदल्यात रहिवाशांना आता ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींमध्येही पुनर्विकासाचं वारं आहेच. नव्या घरात भिंतीत बसवलेली कपाटं येतात, आजोबांचं सागवानी कपाट लिफ्टमध्ये मावत नाही आणि घर रिकामं करायची तारीख तर उद्यावर आलेली असते. त्या धांदलीत लाकडाची पारख करायला कोणालाच सवड नसते. म्हणून अस्सल लाकूड आजही मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात राहिलं आहे.

या लाकडाची हकिकत मोठी आहे. जुन्या मुंबईत आलेलं बरंचसं उत्तम सागवान ब्रह्मदेशातलं. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा हाच मुख्य धंदा होता. या कंपनीच्या सागवानतोडीवरून ब्रह्मी दरबाराशी वाद झाला, इंग्रजांना १८८५च्या युद्धासाठी तेवढं निमित्त पुरलं, आणि पदच्युत थिबा राजाची रवानगी रत्नागिरीला झाली. १९१६ साली तो तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहून येणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की या राजाच्या हद्दपारीमागे सागाचे ओंडके होते? पुढे म्यानमारने एप्रिल २०१४ पासून कच्च्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. जुन्या मेजाच्या फळीत सापडणारं जंगलात सावकाश वाढलेलं, अंगचं तेल असलेलं लाकूड नव्याने घ्यायला गेलं तर खिसा रिकामा होतो.

सगळंच जुनं सागाचं असतं असं मात्र नाही. इराणी हॉटेलांतली गोल बैठकीची, वळणदार पाठीची खुर्ची सगळ्यांच्या ओळखीची. तिचं मूळ व्हिएन्नात. मिखाएल थोनेट यांच्या कंपनीने १८५९ साली ‘१४ नंबर’ची खुर्ची बाजारात आणली. बीच झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं आणि सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नटांत खुर्ची उभी करायची, असा त्यांचा हिशेब. सुटे भाग केले की एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या बसत, म्हणून ती बोटीने जगभर गेली. घरच्या दुरुस्तीसाठी तिच्याइतकी सोयीची वस्तू सापडणं कठीण. स्क्रू काढला की पाय वेगळा, पाठ वेगळी. एक भाग मोडला तर तेवढाच बदलायचा. भुसा आणि डिंक दाबून बनवलेल्या पार्टिकल बोर्डचं तसं नाही. पाणी लागलं की तो फुगतो, एकदा सैल झालेला स्क्रू पुन्हा घट्ट धरत नाही. जुनं फर्निचर टिकतं ते निव्वळ जुनं म्हणून टिकत नाही, ते खोलता येतं आणि पुन्हा जोडता येतं. त्याची खरी किंमत ही आहे.

म्हणून बाजारात वस्तू आधी उलटी करून पाहावी. वरची बाजू दुकानदाराने पुसून, तेल लावून ठेवलेली असते. खरं काय ते खालून कळतं. जोडावर नुसते खिळे ठोकलेत की एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवली आहे, हे खालून दिसतं. खण पूर्ण बाहेर काढून त्याची मागची फळी बघावी, कारण प्लायवर चिकटवलेलं सागाचं पातळ व्हीनियर तिथेच उघडं पडतं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि त्यातून गळणारा पिठासारखा भुसा दिसला तर आत कीड जिवंत आहे असं समजावं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचं पांढरट लाकूड ती आवडीने खाते. वेताच्या खुर्चीत आणि पलंगाच्या फटीत ढेकूण असू शकतात. ती वस्तू घरात नेण्याआधी उन्हात टाकावी, फटींत कढत पाणी घालावं. आणि सौदा ठरवण्याआधी घराच्या दाराची रुंदी मोजलेली असावी. जिन्याच्या वळणावर अडकलेल्या कपाटाने कित्येक घरांत भांडणं लावली आहेत.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न पॉलिशचा. त्यावर जुन्या सुतारांची एक सोपी परीक्षा आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टेबलाच्या आतल्या बाजूला थोडा वेळ धरायचा. कापूस तपकिरी झाला आणि पृष्ठभाग चिकट लागला तर ते लाखेचं पॉलिश. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख मऊ सुती कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने गोल गोल फिरवत, पातळ थरांवर थर चढवत लावतात. बोळा मध्येच थांबला की तिथे डाग उमटतो, म्हणून हात सतत फिरता ठेवावा लागतो. लाखेवर लाख बेमालूम बसते, त्यामुळे जुनं पॉलिश सगळं खरवडून काढायची गरज बऱ्याचदा पडतच नाही. स्पिरिटचा हलका हात फिरवून, बारीक पॉलिश पेपर मारून नवे थर दिले की लाकूड पुन्हा बोलू लागतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. पावसाळ्यात हे काम काढू नये. हवेतल्या ओलाव्याने पॉलिश पांढुरकं पडतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराची कोरडी हवा त्याला मानवते. दुसरी गोष्ट उष्णतेची. लाखेच्या टेबलावर गरम कुकर ठेवला की पांढरं वर्तुळ उमटलंच. रोजच्या जेवणाच्या टेबलाला, जिथे आमटी सांडणार आणि मुलं त्यावरच चित्रंही रंगवणार, पीयूचा (पॉलियुरेथेनचा) कठीण थर बरा. लाख शोभते ती आरामखुर्चीला, पुस्तकांच्या कपाटाला. आणि जवसाचं तेल लावलेल्या चिंध्या कधीही बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना त्यात उष्णता साठते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

हल्ली जुन्या कपाटाला सरळ पांढरा किंवा निळा रंग फासून मोकळं व्हायची टूम आहे. पत्र्याच्या कपाटाला नवा रंग जरूर द्यावा, प्लायच्या किंवा साध्या देवदारी सामानालाही द्यावा. पण सागाच्या आणि शिसवाच्या रेषा रंगाखाली गाडणं पटत नाही. रंग नंतर काढायचा म्हटलं तर रेषांच्या खळग्यांत तो वर्षानुवर्षं बसून राहतो.

आधीपासून रंग असलेल्या वस्तूंबाबत, विशेषतः पाळणे आणि मुलांच्या खुर्च्यांबाबत, घरच्यांनी फार जपायला हवं. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावं, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे हे नुसतं बघून कळत नाही, आणि शिशाचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांच्या मेंदूला असतो. असा रंग कोरडा घासू नये. पॉलिश पेपर पाण्याने ओला करून घासावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. पाळणा असेल तर हे काम माहीतगार रंगाऱ्यावरच सोपवणं शहाणपणाचं.

फ्लॅटमध्ये हे सगळं गॅलरीत, शाळा-ऑफिसच्या वेळा सांभाळून करायचं असतं. म्हणून एका वेळी एकच वस्तू, तीही सुटी करून: या रविवारी चार खण, पुढच्या रविवारी चौकट. खणांना नंबर टाकायला, कड्या चिंच-मिठाने घासायला मुलं आनंदाने येतात. शिवणयंत्राचा बिडाचा पायटा अभ्यासाच्या टेबलाखाली जातो, पण त्याचं चाक आणि पायपट्टी आधी पक्की बांधावी, नाहीतर बोटं अडकतात. उंच कपाट लहान मुलांच्या घरात भिंतीला पट्टीने आवळलेलंच असावं. मुलं उघड्या खणांवर पाय देऊन चढतात आणि कपाट अंगावर येतं.

सगळ्यांत निगुतीचं काम वेताचं. बैठकीच्या चौकटीला ओळीने भोकं असतात. पाण्यात भिजवून मऊ केलेली वेताची पट्टी त्यांतून आधी उभी, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, त्यानंतर दोन्ही तिरप्या दिशांनी ओवतात आणि शेवटी कडेला गोट बांधतात. अशा सात फेऱ्यांतून आठकोनी जाळी तयार होते. वाळताना वेत आखडतो आणि बैठक ताणली जाते. हे काम बोटांच्या स्पर्शावर चालतं, त्यामुळे दृष्टिहीनांच्या संस्थांमध्ये ते दीर्घकाळ शिकवलं जात आलं आहे. प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त पडते, पण वेतासारखी वाळून ताणली जात नाही. वेताची बैठक सैल पडली, पण तुटली नसेल, तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं ठेवावं. वरची चकचकीत साल पाणी पीत नाही, खालची बाजू पिते. मग खुर्ची सावलीत पूर्ण वाळू द्यावी आणि तोवर तिच्यावर कोणी बसू नये.