हिंगोलीचा व्यापारी आणि एक जपानी सूडकथा

गुन्हेगार म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा दांडगा, रात्रीं-अपरात्रीं हिंडणारा इसम उभा राहतो. हिंगोलीच्या हरिसिंगाला हें वर्णन मुळींच लागू पडलें नसतें. एकोणिसाव्या शतकांत हिंगोलीस निजामाच्या फौजेची छावणी होती आणि हरिसिंग तेथला एक प्रतिष्ठित व्यापारी होता. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ठगांवरील आपली कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें याची हकीगत दिली आहे. आपणही त्याच्याशीं देवघेव करीत होतों, हेंही तो मोकळेपणानें सांगतो.

एकदां या हरिसिंगानें मुलकी अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स यांजकडे, मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. कापड खरोखरच येत होतें, पण तें दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचें. हरिसिंगानें त्या मालकाला, त्याच्या नोकरांना व बैल हांकणाऱ्यांना ठार केलें, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीस आणला आणि छावणींत उघड उघड विकला. पुढें पकडला गेल्यावर त्यानें आपण होऊन सांगितलें, म्हणूनच हें कळलें; आणि तेंही एखादी गंमत सांगावी तसें!

आतां कल्पना करा कीं त्या कापडवाल्याचा मुलगा दाद मागण्यास हिंगोलीस आला आहे. चोराच्या हातीं सरकारचाच परवाना, आणि गिऱ्हाईक म्हणजे खुद्द छावणी. त्यानें जावें कोठें?

अशाच एका मुलाची कथा जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनीं १९६० सालच्या एका चित्रपटांत सांगितली आहे. त्याच्या नांवाचा भावार्थ, जो जितका दुष्ट तितकी त्याची झोंप गाढ, असा आहे. येथें तलवारी नाहींत. जमिनी विकसित करणारें एक सरकारी महामंडळ, ठेक्यांतील लांचलुचपत, आणि वरिष्ठांना वांचविण्यासाठीं सातव्या मजल्यावरून उडी घेणारा एक अधिकारी. त्याचा अनौरस मुलगा निशी हा महामंडळाचे उपाध्यक्ष इवाबुची यांचा चिटणीस होतो आणि त्यांच्या पायानें अधू असलेल्या मुलीशीं लग्न करतो.

चित्रपट सुरू होतो तो या लग्नाच्या मेजवानीनें. समारंभांत भला मोठा केक आणला जातो. त्याचा आकार हुबेहूब त्या कचेरीच्या इमारतीचा, आणि सातव्या मजल्याच्या त्याच खिडकींत एक गुलाब खोंचलेला! सभ्य पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. दुसरा एक प्रसंग याहून विलक्षण आहे. वाडा नांवाचा कारकून जीव देण्यास निघालेला असतां निशी त्याला वांचवितो, आणि मोटारींत बसवून त्याचीच अंत्ययात्रा त्याला दाखवितो. वरिष्ठ अधिकारी तेथें नम्रपणें वाकत असतात. इकडे, मद्यगृहांत त्यांनीं याच्या मरणाविषयीं केलेल्या गप्पा ध्वनिमुद्रणावर ऐकूं येत असतात.

अडीच तासांचा हा चित्रपट मध्यंतरीं जरा रेंगाळतो. पण एका गोष्टींत तो नेहमींच्या सूडकथांहून निराळा आहे. निशीनें शत्रूच्या घरांत शिरण्यासाठीं एका मित्राशीं नांवाची अदलाबदल केलेली असते. खोटा दाखला हें हरिसिंगाचें हत्यार. तेंच येथें सूड घेणाऱ्याच्या हातीं आहे. त्यांतच तो बायकोवर खरोखर प्रेम करूं लागतो आणि त्याचा हात थबकतो. इवाबुची भोळ्या मुलीला फसवून जांवयाचा ठावठिकाणा काढून घेतात. निशी मारला जातो, आणि दारूच्या नशेंत मोटार चालवितांना अपघात झाला, असें भासविलें जातें. मित्र सत्य सांगूं पाहतो, पण पुरावा उरलेला नसतो. आणि मेला तो निशीच नव्हे, असें म्हणावें तर स्वतःचें खरें नांवही त्याला आतां सिद्ध करतां येत नाहीं.

शेवटीं इवाबुची टेलिफोनवर कोणा बड्या माणसाशीं बोलत असतात. तो माणूस आपणांस एकदांही दिसत नाहीं. इवाबुची यंत्रापुढें लवून त्याला शुभरात्रि म्हणतात, आणि मग त्यांच्या ध्यानांत येतें कीं बाहेर सकाळ झाली आहे.